दुसरी भिंत

राहनाळच्या आमच्या गोदामात परत आलेल्या वस्तूंचे एक लांब टेबल आहे. घर सजवावे म्हणून लोकांनी हौसेने मागवलेल्या आणि मग मन न रमल्याने माघारी धाडलेल्या वस्तू त्या टेबलावर येतात : नळ, आरसे, दिव्यांच्या माळा, भिंतीला चिकटवायच्या कागदाच्या गुंडाळ्या, कधी एखादे झुंबर. टेबलाच्या एका बाजूला मी उभा असतो. दुसऱ्या बाजूला गेल्या उन्हाळ्यापर्यंत माधवी उभी असे. मी खोका उघडत असे, ती वस्तू तपासत असे, आणि परतीचे कारण सांगणारी चिठ्ठी मोठ्याने वाचत असे.

“‘फोटोत मोठं वाटलं होतं,’” ती वाचायची आणि मान हलवायची. “माणसांच्या बाबतीत अशी सोय असती ना कुमार, तर अर्धा जिल्हा परत गेला असता.”

मी हसत असे. माझे हसणेसुद्धा बिनआवाजाचे आहे, असे ती म्हणे.

वस्तू तोलण्याचा खेळ तिनेच काढला. दोन्ही हात पुढे करून तळवे आकाशाकडे धरायचे. डाव्या तळव्यावर खर्च, उजव्या तळव्यावर समाधान. झुंबर आले की तिचा डावा हात टेबलाखाली जाई आणि उजवा कपाळापर्यंत चढे. मग ती डोळे मिटून म्हणे, “बघ, किती हलकं समाधान आहे. फुंकर मारली तर उडेल.” दाराची कडी, मोरीतला दांडा, भिंतीवरची खुंटी अशा किरकोळ वस्तूंच्या वेळी उजवा हात खाली येई.

“खुंटी कधी परत येते का? सांग. आजवर एक तरी आली?”

खरोखरच आली नव्हती. आरसे येत, कोरलेले दरवाजे येत, दिवाणखान्यात वाहणारे बुटके धबधबे येत. खुंट्या मात्र ज्या घरी जात तिथेच राहत. त्यांच्यावर कुणीतरी घामेजला शर्ट अडकवत असेल, आणि त्या घराचे त्यांच्यावाचून अडत असेल.

माधवी अंजूरची. तिच्या घरच्या गोष्टीही याच तराजूतून येत. “आमच्या विशालदादानं गेट बसवलंय,” तिने एकदा सांगितले. “वर दोन सिंह. कंपाउंड नाहीये बरं का, नुसतं गेट. माणसं गेटातून येतात आणि म्हशी बाजूनं. सगळा बोनस गेला त्याच्यात. आणि मागच्या दाराला आईनं एक दगड टाकून घेतलाय, कुणाच्या तरी मोडक्या जोत्याचा. फुकटचा. पाय धुवायला म्हणून टाकला, पण घरात भांडण झालं की आई तिथंच जाऊन बसते. समोर खाडीकडचं गवत. सांग, कुठला हात खाली?”

मी तिचा उजवा हात हळूच खाली दाबला. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा स्पर्श केला. तिने हात काढून घेतला नाही. टेबलावर एक उघडा खोका होता, त्यात पिवळा दिवा होता, आणि मी त्या दिव्याकडे पाहत राहिलो, कारण तिच्याकडे पाहणे मला जमले नाही.

“आणि तुझ्या घरात?” तिने विचारले. “सगळ्यात समाधानाचं काम कुठलं?”

मी पुष्कळ वेळ विचार केला. मग तिला आमच्या फळीच्या पट्टीविषयी सांगितले.

आमच्या दोन खोल्या नारपोलीत आहेत. मागची भिंत शमीमभाईंच्या कारखान्याची आहे आणि त्या भिंतीपलीकडे कापड विणणारे लूम चालतात. भिंत सतत थरथरत असते. त्या थरथरीने भांडी चालू लागतात. नव्या माणसाला हे खोटे वाटेल, पण फळीवर ठेवलेला पेला सकाळपासून दुपारपर्यंत वीतभर पुढे सरकतो आणि संध्याकाळी खाली उडी घेतो. माझ्या जन्माआधी आईने सुताराकडे पडलेली एक सागवानी पट्टी मागून आणली आणि फळीच्या कडेला ठोकून घेतली. तेव्हापासून भांडी कडेपर्यंत येतात, पट्टीला टेकतात, आणि तिथे एकमेकांशी किणकिणत राहतात. बुद्धांची तसबीरही रोज थोडी कलते. आई रोज सकाळी ती एका बोटाने सरळ करते.

माधवी खेळ विसरून ऐकत होती. “मला ती पट्टी बघायचीय,” ती म्हणाली.

ती एका रविवारी आली.

घरात पाहुणा आला की आमच्या घराचा आवाज मला नव्याने ऐकू येतो. एरवी मी तो ऐकत नाही. त्याच्या आत राहतो. खटाखट, खटाखट, शेकडो लाकडी दात एकाच वेळी वाजावेत तसा. या घरात बोलायचे तर ओरडावे लागते. आई ओरडते. बाबांनी आयुष्यभर त्याच कारखान्यात लूम चालवले, त्यात त्यांचे कान गेले, त्यामुळे तेही ओरडतात. मला लहानपणापासून ओरडणे जमले नाही. जे सांगायचे ते मी मनात जुळवत असे, आवाज थांबण्याची वाट पाहत असे, आणि आवाज थांबेपर्यंत सांगण्याची वेळ निघून गेलेली असे. लूम फक्त शुक्रवारी दुपारी आणि लाइट गेली की थांबत. तेव्हा मी बोलत असे. शाळेतल्या गोष्टी, झालेले अपमान, आवडलेली कविता, सारे त्या अंधाऱ्या पाऊण-एक तासात. आई म्हणे, “लाइट गेली की आमच्या कुमारला कंठ फुटतो.”

“ये गं, ये! इथं बस, पंख्याखाली!” आई माधवीला ओरडून म्हणाली. “चहा घेणार की सरबत?”

“काय?”

आईने अंगठा ओठांना लावून पेला कलवल्यासारखा हात केला. माधवी हसली आणि मान डोलावली. मग आईला हुरूप आला. लूमवाल्यांच्या खुणा ती एकेक करून दाखवू लागली : जेवण झाले, मालक आला, पुरे झाले. कारखान्यात कुणाचे बोलणे कुणाला ऐकू येत नाही, म्हणून कामगारांनी हातांची एक भाषा करून घेतली आहे. आई बाबांचा डबा घेऊन जात असे तेव्हा ती शिकली. बाबा भिंतीला पाठ लावून त्यांच्या ठरलेल्या जागी चटईवर बसले होते आणि आईची एखादी खूण चुकली की दुरुस्त करत होते.

“असं न्हाय, शेवंता, असं!” ते ओरडले. “तुला तीस वर्षं झाली, अजून मालक आणि म्हैस यांच्यात फरक कळत न्हाय!”

“मालकच तसा होता, मी काय करू!”

तिघेही हसत होते. मी दारात उभा होतो आणि माधवीच्या कपाळाकडे पाहत होतो. शिफ्ट बदलली, पलीकडे आणखी काही लूम सुरू झाले, आणि तिच्या दोन भुवयांच्या मधोमध एक बारीक आठी उमटली. ती क्षणभरच राहिली. नंतर ती फळीपाशी गेली, पट्टीवरून बोट फिरवले आणि माझ्याकडे पाहून उजवा हात जमिनीपर्यंत खाली नेला. मला मात्र ती आठीच दिसत राहिली.

तिला रिक्षापर्यंत सोडायला मी गेलो. गल्लीत दोन्ही बाजूंना कारखाने आहेत.

“पुन्हा येशील?” मी विचारले.

“काय?”

“पुन्हा येशील का?”

“ऐकू नाही येत रे!” ती कानामागे हात धरून जवळ आली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. मला जे विचारायचे होते ते याहून मोठे होते, आणि एवढेसे वाक्यही पोहोचत नव्हते.

“काही नाही,” मी म्हणालो. नेमके तेवढे तिला ऐकू आले.

त्या रात्री मी ठरवले की ज्या घरात तिला राहायचे आहे, त्या घरात आधी शांतता असली पाहिजे. आणि जे वाक्य विचारायचे ते तिथेच विचारायचे, माझ्या आवाजात, एकदाच, न ओरडता.

गोदामात येणाऱ्या मालामुळे मला ठाऊक होते की भिंतीपुढे दुसरी भिंत उभारता येते. लाकडाची चौकट, तिच्यात दगडापासून बनवलेली लोकर ठासून भरायची, वरून पांढरे जाड बोर्ड. आवाज त्या लोकरीत बुडतो. खर्च आमच्या ऐपतीबाहेर होता. माझे साठवलेले पैसे पुरले नाहीत, तेव्हा आईने स्वयंपाकाचा ओटा उंच करून घेण्यासाठी बाजूला ठेवलेले माझ्या हातावर ठेवले. जुना ओटा बुटका आहे, तिला कमरेत वाकून पोळ्या लाटाव्या लागतात.

“ओट्याला काय झालंय,” ती म्हणाली. “सून आली की दोघी मिळून वाकू.” तिने ‘सून’ म्हटले आणि मी खाली पाहिले, एवढाच आमच्यातला त्या विषयावरचा संवाद.

सुतार माधवीनेच सुचवला. “आमच्या गावचे केसरीनाथदादा आहेत. हात चांगला आहे, तोंड जरा जास्त चालतं.” मग टेबलावर कोपरे टेकून तिने विचारले, “काय काम काढलंयस?”

“भिंत.”

“भिंत? कशासाठी?”

तिने हे हसत विचारले, पण मग हसू ओसरले तरी ती बघतच राहिली. पलीकडे कुणीतरी खोक्याची चिकटपट्टी फाडत होते. मी म्हणालो, “झाली की दाखवतो.” तिने एक खोका पुढे ओढला आणि कात्री शोधू लागली. कात्री तिच्या समोरच होती.

केसरीनाथदादांनी काम सुरू केले तेव्हा शमीमभाई कारखान्यातून बघायला आले. पांढरी टोपी, हातात चहाचा पेला. “काय दामूभाई,” ते बाबांच्या कानापाशी तोंड नेऊन म्हणाले, “इतकी वर्षं आमचा आवाज तुम्हाला मुफ्त दिला. आता पैसे मोजून त्याला हाकलता?”

बाबांनी ते ओठांवरून वाचले आणि मनापासून हसले. “पोराचं लगीन हाय, शेठ! सुनंला झोप लागली पायजे!”

फळी उतरवली तेव्हा केसरीनाथदादांनी पट्टी उपटून आईला दाखवली. “वहिनी, ही आता काय कामाची न्हाय. नवी भित हलायची न्हाय. टाकू?”

“टाकून तर बघा,” आई म्हणाली, आणि पट्टी पदराने पुसून खाटेखाली ठेवून दिली.

शेवटचा बोर्ड बसला आणि खोलीतून काहीतरी निघून गेले. आवाज पुरता गेला नव्हता, पण तो आता लांबच्या ओढ्यासारखा झाला होता. घड्याळ चालते तेव्हा वाजते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. आई आपलीच बोटे ओठांवर ठेवून कुजबुजली, “कुमार,” आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून कुजबुजलो, “काय?” ती रडू लागली. सुखाने रडत होती. त्या घटकेपुरता मी खरोखर समजत होतो की यापेक्षा मोठे काम कुणी आपल्या घरात केले नसेल.

बाबा चटई घेऊन आपल्या जागी आले. नव्या भिंतीला पाठ लावून बसले. थोड्या वेळाने त्यांनी वर पाहिले.

“लाइट गेली काय?” त्यांनी विचारले.

आईने फिरत्या पंख्याकडे बोट दाखवले. त्यांनी मान हलवली. जरा वेळाने मागे वळून त्यांनी पांढऱ्या बोर्डवर तळवा ठेवला, आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच विचारले. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा कुठे मला उमगले की ते त्या भिंतीला टेकून आजवर काय करत होते. कान गेल्यावर ते पाठीने ऐकत होते. कोणती शिफ्ट लागली, कुठला लूम अडला, लाइट कधी गेली आणि कधी आली, सगळे त्यांना मणक्यातून कळत असे. दिवस त्या भिंतीतून त्यांच्यापर्यंत येत असे. आता ते चटई घेऊन खोलीभर फिरू लागले. दाराच्या चौकटीला टेकून पाहत, फरशीवर हात ठेवून पाहत. शेवटी एका सकाळी ते बाहेर जाऊन कारखान्याच्या पायरीवर बसले, शटरला पाठ लावून. शमीमभाईंनी आतून त्यांना चहा पाठवला. तिथे दुपारी ऊन येते, तरी ते उठले नाहीत.

“बरं वाटतं का त्यांना तिथं?” मी आईला विचारले.

“त्यांना काय विचारतोस. म्हणतात, घर चांगलं झालंय, सुनंला आवडंल.” ती तसबिरीपाशी गेली, बोट लावायला हात उचलला, आणि तसबीर सरळच होती म्हणून हात खाली घेतला.

बाबांचे काहीतरी करायला हवे, हे मला दिसत होते. पण येत्या रविवारी माधवी येणार होती. मी ठरवले, आधी ते वाक्य. मग बाकीचे सगळे.

ती आली तेव्हा आई दूध आणायला दुकानात गेली होती, बहुधा मुद्दामच. बाबा पायरीवर होते. माधवीने चपला काढल्या, उंबरठा ओलांडला, आणि थबकली. मोठ्या इमारतीत शिरल्यावर माणसे जशी वर पाहतात तसे तिने वर पाहिले.

“अरे,” ती अगदी हळू म्हणाली. आणि मला ऐकू आले.

ती खोलीच्या मधोमध उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज मला ऐकू येत होता, श्वासाचाही. माझ्या मनात ते वाक्य सबंध तयार होते. मी ते इतक्या वेळा घासूनपुसून ठेवले होते की त्यात एकही जादा शब्द उरला नव्हता.

“माधवी,” मी म्हणालो.

“थांब कुमार. आधी मला बोलू दे. नाहीतर माझ्याच्यानं होणार नाही.”

ती खाटेच्या कडेवर बसली. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले.

“विशालदादानं स्थळ आणलं होतं, कल्याणचं. दिवाळीपासून मी टाळत होते. आजारी आहे म्हणून सांगितलं, गोडाऊनमध्ये सुट्टी नाही म्हणून सांगितलं. आईला एकटीला खरं काय ते सांगितलं होतं. ती म्हणाली, त्याला येऊ दे, विचारू दे, मी बघते तुझ्या दादाकडे. मी म्हटलं, येईल.” तिने माझ्याकडे पाहिले. “गेल्या आठवड्यात आईच म्हणाली, पोरी, ज्याला यायचं असतं तो आलेला असतो. मी हो म्हणून टाकलं. पुढच्या महिन्यात लग्न आहे. हा महिना भरला की मी कामही सोडणार.”

खोलीत घड्याळ वाजत होते. एकही अक्षर बुडाले नाही. जुनी भिंत असती तर अर्धे शब्द लूमने गिळले असते, आणि मी कानामागे हात धरून ‘काय?’ म्हणू शकलो असतो.

“ही भिंत,” मी म्हणालो, “मी तुझ्यासाठी केली. त्या आवाजात तुला ऐकू आलं नसतं. मला वाटलं, इथं शांत झालं की मग विचारावं.”

“इथं?” ती म्हणाली. “कुमार, गोडाऊनमध्ये तर शांतच होतं.”

मी नव्या भिंतीकडे पाहिले.

“रोज आठ तास समोरासमोर उभे असायचो आपण.”

“तिथं,” मी म्हणालो, “तिथं टेप फाडायचा आवाज असायचा.”

ती हसली. मग तिने ओढणी तोंडावर धरली, आणि बराच वेळ धरून ठेवली. तिचे खांदे हलत होते. मी तिच्यापासून चार पावलांवर उभा होतो आणि ती चार पावलेही माझ्याने टाकवली नाहीत.

“ओरडला असतास तरी चाललं असतं,” ती ओढणीआडून म्हणाली. “गल्लीतनं सगळ्यांना ऐकू गेलं असतं तरी चाललं असतं. आणि ओरडायलाही नको होतं. त्या दिवशी मावशींनी मला एक खूण शिकवली होती, तू दारातच होतास. त्या डबा घेऊन जायच्या तेव्हा तुझे बाबा लूमपाशी उभ्याउभ्या करायचे ना, ती.” तिने उजवा हात छातीवर ठेवला, आणि मग खाटेवरची आपल्या शेजारची जागा दोनदा थोपटली. “माझ्याजवळ ये. मावशी म्हणाल्या, या माणसानं मला जन्मात कधी तोंडानं बोलावलं नाही, एवढंच केलं, आणि मी आले. तुझ्याकडून मला तेवढंच पुरलं असतं, कुमार. मी रिक्षात बसेपर्यंत तुझ्या हातांकडे बघत होते.”

तिचा हात अजून त्या जागेवर होता. तिच्या ते ध्यानात आले आणि तिने तो उचलून मांडीवर घेतला.

आई दूध घेऊन आली तेव्हा माधवी जायला उठली होती. चहाला थांबली नाही; उशीर होतोय म्हणाली. निघताना ती नव्या भिंतीपाशी गेली. पांढऱ्या बोर्डवर हात ठेवला, मग सवयीने दोन्ही तळवे पुढे झाले, आकाशाकडे उघडे. डावा थोडा खाली गेला. उजव्याचे काय करावे हे तिला कळेना. तिने दोन्ही हात मिटले आणि पायऱ्या उतरली. कारखान्याच्या पायरीवर बसलेल्या बाबांना तिने वाकून नमस्कार केला. ते काहीतरी ओरडले, बहुधा आशीर्वाद.

 आई दुधाची पिशवी हातात घेऊन तशीच उभी होती. त्या घरात आता कुजबुजलेलेही ऐकू आले असते, पण आम्हा दोघांकडे कुजबुजायला काही नव्हते.

माधवीने महिनाअखेर काम सोडले. तिच्या जागी आता कुणीतरी दुसरे आहे, चिठ्ठ्या मनातल्या मनात वाचणारे. एके दिवशी परतीच्या मालात खुंट्यांचे एक पाकीट आले. कारण लिहिले होते, ‘भिंत नाही’. मी मान वर करून समोर पाहिले. सांगण्यासारखे होते, आणि सांगायला कुणी नव्हते.

त्याच आठवड्यात मी केसरीनाथदादांना पुन्हा बोलावले. उन्हे वाढली होती, आणि बाबांची पाठ शटरच्या पत्र्याने भाजू लागली होती.

“कापायचं?” दादा बोर्डकडे पाहत म्हणाले. “मागल्या महिन्यात लावलं, ते आज कापायचं? पोरा, डोस्कं ठिकाणावर हाय ना तुजं?”

“एवढंच कापायचं. बसलेल्या माणसाच्या पाठीहून जरा रुंद.”

“आवाज यील आत.”

“येऊ द्या.”

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. अंजूरचेच ते, गावातल्या लग्नाची पत्रिका त्यांच्याही घरी गेली असणार.  मग त्यांनी पेन्सिलीने चौकोन आखला, करवत चालवली, लोकर मुठीमुठीने बाहेर काढली. आत जुनी भिंत दिसली, चुन्याची, बाबांच्या पाठीच्या तेलाने मधोमध काळसर झालेली. आणि त्या चौकोनातून आवाज खोलीत शिरला. कापलेली कड खरबरीत दिसत होती, तेव्हा आई खाटेखाली वाकली आणि फळीची जुनी पट्टी बाहेर काढली.

“ही घ्या. मी सांगितलं होतं ना, टाकू नका.”

दादांनी ती मापाने तोडून चौकोनाच्या कडांना ठोकली. अर्ध्या तासाचे काम. “ह्याचं काय घ्यायचं?” ते म्हणाले. “वहिनी, चहा टाका.”

मी बाबांना आणायला गेलो. ते चटई काखेत धरून आत आले, चौकोन पाहिला, त्याच्या चौकटीवरून अंगठा फिरवला आणि बसले. सरकत सरकत मागे गेले, पाठ जुन्या भिंतीला लागेपर्यंत. त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. कपाळावरच्या रेषा एकेक करून सैल झाल्या.

“आली,” ते ओरडून म्हणाले. “लाइट आली!”

आईने पदर डोळ्यांना लावला आणि ती ओट्याकडे वळली, वाकली, स्टो पेटवू लागली.

मी खोलीच्या मधोमध उभा होतो, माधवी उभी राहिली होती तिथेच. बाबांनी डोळे उघडले तेव्हा मी त्यांना तसा दिसलो. त्यांना माझे काय कळले होते, कोण जाणे. त्यांना कुणी काही सांगितले नव्हते आणि त्यांनी विचारलेही नव्हते. पोराचे लग्न हे शब्द मात्र गेले कितीतरी दिवस त्यांच्या तोंडून आले नव्हते. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, काही शब्द दिसतात का ते. मग त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला, थोडेसे सरकून चौकोनात जागा केली, आणि शेजारची चटई दोनदा थोपटली.

किती सोपी होती ती खूण. लहान मुलालाही जमली असती.

मी गेलो आणि त्यांच्याजवळ बसलो. पाठ जुन्या भिंतीला टेकली. लूमची थरथर मणक्यातून वर चढत आली आणि छातीपाशी येऊन थांबली. तिथे बसून मी ते वाक्य म्हटले, सबंध, माझ्या आवाजात, एकदाच. लूम चालू होते. शेजारी बसलेल्या बाबांनाही ते ऐकू येणे शक्य नव्हते.

आईने ओट्यापासून अंगठा ओठांना लावून विचारले, चहा? मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळले नसावे. तिने माझ्यासाठीही पेला मांडला.